जर्मन आणि इंग्रजी बहिणी म्हणे, मग 'इन्फॉर्मेशन्स' येतं कुठून?

ग्रुपवर परत तीच पोस्ट फिरतेय. जर्मन ही इंग्रजीची सख्खी बहीण, त्यामुळे जर्मन माणसाला इंग्रजीतली अनकाउंटेबल नामं (म्हणजे ज्यांना अनेकवचनाचा एस लागत नाही ती) वेगळी शिकावी लागत नाहीत, जे मोजता येत नाही त्याला एस लावायचा नाही, आणि अडलंच तर पुढे 'अ पीस ऑफ' ठोकायचं, झालं. मी काही वर्षं जर्मन सहकाऱ्यांचे इंग्रजी मेल तपासतोय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

बहिणी आहेत, मान्य. पण घोळ तिथेच आहे ना! जर्मनमध्ये एक इन्फोर्मात्सिओन, अनेक इन्फोर्मात्सिओनन, अगदी रोजचा शब्द, म्हणून 'थँक्स फॉर द इन्फॉर्मेशन्स' बिनधास्त लिहिलं जातं. हाउसआउफगाबन म्हणजे गृहपाठ, तेही अनेकवचन, की लगेच 'होमवर्क्स'. केसांना तर ते आपल्यासारखंच 'माझे केस' म्हणतात, मग 'माय हेअर्स आर लाँग', म्हणजे एकेक केस मोजून दाखवल्यासारखं.

बरं, जर्मनला अनकाउंटेबल ठाऊकच नाही असंही नाही. ओब्स्ट (फळफळावळ), गेपेक (सामान), श्मुक (दागिने), यांना अनेकवचन लागत नाही. लगेज आणि ज्वेलरीशी हे नीट जुळतं, तिथे सहसा कोणी चुकत नाही. सीमारेषा दोन्हीकडे आहे, फक्त जागा वेगळी.

आता ते 'मोजता येत नाही'. पैसे मोजता येत नाहीत? दुकानदार दिवसभर दुसरं काय करतो? तरी मनी अनकाउंटेबल. राईस अनकाउंटेबल आणि बीन्स काउंटेबल. स्पगेटी जर्मनमध्ये अनेकवचन, इंग्रजीत एकवचन, प्लेट तीच!

आणि चूक झाली तर नुसतं व्याकरण बिघडतं असंही नाही. एका सहकाऱ्याने पाईप फुटल्यावर इंग्लंडला कळवलं, 'वी हॅव डॅमेजेस इन द बेसमेंट'. जर्मनमध्ये एक शाडन (नुकसान), अनेक शेडन, त्याच्या हिशोबाने बरोबर. पण इंग्रजीत डॅमेजेस म्हणजे कोर्टाने द्यायला लावलेली नुकसानभरपाई. तिकडून उलट प्रश्न आला, केस कोणी केलीये?

'अ पीस ऑफ' अॅडव्हाइसला चालतं, फर्निचरला चालतं, प्रोग्रेसला नाही. जर्मन बेकरीत 'आइन ब्रोट' म्हटलं की अख्खा पाव हातात येतो, लंडनमध्ये त्याच हिशोबाने 'अ पीस ऑफ ब्रेड' मागितलात तर तुकडा मिळेल, अख्ख्याला 'लोफ' म्हणावं लागतं. मापांची तर वेगळीच गंमत. 'त्स्वाय ग्लास वासर', म्हणजे दोन ग्लास पाणी, शब्दाला शब्द मराठी! ना ग्लासचं अनेकवचन, ना मधे ऑफ. इंग्रजीला दोन्ही हवं, त्यामुळे इथे पुण्याचा नवशिका आणि स्टुटगार्टचा नवशिका एकाच खड्ड्यात.

उलट्या बाजूचं पोस्टमध्ये नावच नाही. चष्मा जर्मनमध्ये एकवचन, पँट एकवचन, कात्री एकवचन, इंग्रजीत तिन्ही अनेकवचनी. बातम्या मात्र जर्मनमध्ये अनेक, म्हणून 'द न्यूज इज गुड'च्या जागी 'द न्यूज आर गुड'. आता याला 'एस लावू नकोस' सांगून काय उपयोग, तो एस त्याने लावलेलाच नाहीये, शब्दातच आहे.