एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. तुम्ही पुण्याला आणि कनेक्शन बार्शीत आईवडिलांच्या घरी, तिकडून फोन लावायचा नि इकडे कुणी उचलायचं नाही म्हणजे डोकं फिरणारच. तुमच्या तक्रारी चार आहेत. नेट दोन दिवस बंद, फोन उचलत नाहीत, 2023 ला ऐन सीरियलच्या टायमाला चॅनल गायब, आणि "399 मध्ये मोठी कंपनी सगळं देते, हे लोकल केबलवाले नुसते लुटतात". पहिल्या दोन चुका माझ्या, बाकीच्या दोन नाहीत.

आधी नेटचं. गटाराच्या कामात जेसीबीने आमची मेन फायबर तोडली, ते माझ्या हातात नव्हतं. पण माझ्याकडे तुटलेली फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन एकच आणि ते त्या दिवशी वैराग गावच्या कामावर, त्यामुळे जोडायला रात्र झाली, अंधारात घाईघाईत जॉइंट मारले आणि तुमच्या गल्लीचा जॉइंट कच्चा राहिला. टीव्ही नि नेट एकाच फायबरवरून येतात, पण दोन्हीचे सिग्नल वेगळे, त्यामुळे टीव्ही चालू राहिला आणि नेटच्या डब्यावर लाल लाइट. तुमच्या आईंना वाटलं मोबाईलच बिघडला. ऑफिसातल्या स्क्रीनवर तुमच्या घराचा नेटचा सिग्नल पडलेला दिसत होता, कुणी बघितलंच नाही. यात जेसीबीवाल्याचा काय दोष. फोनचंही तेच, संध्याकाळी मॅच चालू असताना दोन नंबरवर सगळं गाव फोन करतं नि उचलायला एक मुलगी. आता लेखी तक्रारीसाठी व्हॉट्सअ‍ॅप नंबर चालू केलाय, पावतीवर छापलाय, आणि तुमच्या प्लॅनला चार दिवस वाढवून दिलेत.

आता चॅनलचं. फेब्रुवारी 2023 मध्ये चॅनलचे नवीन दर लागू झाले तेव्हा ज्या केबल कंपन्यांनी करारावर सह्या केल्या नाहीत त्यांचे सिग्नल मोठ्या ब्रॉडकास्टर्सनी, म्हणजे चॅनलच्या मालक कंपन्यांनी, बंद केले होते. देशभर झालं ते, बार्शीतच नाही. ते भांडण वरच्या वर, शिव्या मात्र गल्लीतल्या पोराने खाल्ल्या, कारण लोकांना दारात तोच दिसतो.

आणि लुटीचं म्हणताय तर हिशोबच मांडतो. 2019 पासून ट्रायच्या, म्हणजे फोन-केबलचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमाने केबलचं महिन्याचं मूळ भाडं 130, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे. 2024 ला ट्रायने या भाड्यावरची मर्यादा काढली पण आमच्याकडे आकडा तोच आहे. वेगळा करार नसेल तर या 130 मधले 55 टक्के सिग्नल देणाऱ्या कंपनीला आणि 45 टक्के आम्हाला, म्हणजे साडेअठ्ठावन्न. त्यात खांबावरची वायर, पोरांचे पगार, पेट्रोल, वसुली. पे चॅनल 19 रुपयांचं असेल तर वितरणाचे 20 टक्के, त्यातले पुन्हा 45 टक्के माझे, म्हणजे एक रुपया एकाहत्तर पैसे. चॅनलची किंमत मी ठरवत नाही हो, ब्रॉडकास्टर ठरवतो.

सप्टेंबर 2016 ला जिओ आलं तेव्हाच सगळे म्हणाले केबलवाला संपला, आणि खोटं नव्हतं ते, आधी तरुण पोरांनी बॉक्स बंद केले, मग मोठ्या कंपन्यांचं फायबर आलं, मग बिनवायरीचं एअरफायबर, आणि ज्यांना पैसेच द्यायचे नाहीत त्यांनी डीडी फ्री डिशची छत्री लावली. मी नेट टाकलं ते हौसेने नाही, नुसत्या साडेअठ्ठावन्नवर दुकान चालेना म्हणून टाकलं. त्यामुळे तुमच्या एका पावतीत खरं तर दोन धंदे आहेत, टीव्हीत मी नुसता पोहोचवणारा आणि नेटमध्ये मालक. नेटवरून शिव्या द्या, गप ऐकून घेईन.

जाहिरातीतला 399 चा प्लॅन जीएसटी धरून 470 रुपये 82 पैशांना पडतो, आणि ओटीटी हवं तर बहुतेक वेळा पुढचा प्लॅन घ्यावा लागतो. तरी चांगला वाटत असेल तर जरूर घ्या, राग नाही, आमचं डिपॉझिट परत नेऊन जा. टीव्ही आमचा ठेवून नेट त्यांचं घेतलं तरी चालेल. फक्त एक, वडील अजून रिमोटवर नंबर दाबून चॅनल लावतात, अ‍ॅप, पासवर्ड, ओटीपी हे त्यांच्या गळ्यात मारायच्या आधी त्यांना एकदा विचारा.

तुमचं पॅक काल उघडून बघितलं. इंग्रजी पिक्चरचे आणि लहान मुलांचे पे चॅनल चालू आहेत, घरात दोघंच म्हातारी माणसं, कोण बघतं ते? आधीच्या मोठ्या पॅकमधून तसेच पुढे आलेत, आमच्या पोराने विचारायला हवं होतं. आईंना विचारून कळवा, पुढच्या महिन्यापासून काढून टाकतो, बिल कमी होईल. त्यांचा सकाळचा भजनाचा चॅनल जाईल ही भीती नको, तो फ्रीच आहे.