डी७५० विकून डी७८०? जरा थांबा

‘निकॉन डी७५० कॅमेरा विका, डी७८० घ्या. मेगापिक्सेल जास्त, फोकस वेगवान, सगळंच सरस. आणि दीड लाख क्लिकनंतर जुनी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) भंगारच.’ लग्नाचे फोटो काढणाऱ्यांमध्ये हा सल्ला सर्रास फिरतोय. (सल्ला देणाराच पुष्कळदा तुमची जुनी बॉडी स्वस्तात मागतो, ते सोडा.)

मेगापिक्सेल? २०१४ च्या डी७५० चे २४.३, २०२० च्या डी७८० चे २४.५. फोटोची लांबी ६०१६ पिक्सेलवरून ६०४८ वर जाते. हे वाढीव ३२ पिक्सेल १२ बाय ३६ इंचांच्या अल्बममध्ये शोधून दाखवा!

फोकसचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे. व्ह्यूफाइंडरला डोळा लावलात तर दोन्हीकडे ५१च फोकस पॉइंट, तेही फ्रेमच्या मध्यावर दाटीवाटीने. डी७८० चा मीटरिंग (प्रकाश मोजणारा) सेन्सर जास्त बारीक, त्यामुळे चालत येणाऱ्या नवरीचा माग तो थोडा बरा ठेवतो, इतकंच. खरा फरक लाइव्ह व्ह्यूत, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढताना. तिथे निकॉनच्याच झेड ६ या मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याची पद्धत आली आहे: सेन्सरवरच २७३ पॉइंट आणि थेट डोळ्यांवर फोकस. अंतरपाट दूर झाला की हार पडायला कितीसा वेळ लागतो? तेवढ्यात डी७५० लाइव्ह व्ह्यूत मागे-पुढे करत फोकस शोधत बसतो. शिवाय त्याचा व्हिडिओ फुल एचडीपर्यंतच, डी७८० चा फोर-के. व्हिडिओची कामं घेत असाल तर बदला, माझं काही म्हणणं नाही.

दीड लाख क्लिक हा कंपनीने शटरच्या चाचणीत तपासलेला आकडा आहे, एक्स्पायरी डेट नव्हे. शटर त्याआधीही जाऊ शकतं, नंतरही चालू राहू शकतं. गेलंच तर शटर युनिट बदलता येतं. आणि डी७८० चा आकडा? तोही दीड लाखच.

‘सगळंच सरस’ म्हणणाऱ्यांनी डी७८० हातात घेतलाय का, अशी शंका येते. त्यात पॉप-अप फ्लॅश नाही. डी७५० चा तोच फ्लॅश कमांडर मोडवर टाकून लांब ठेवलेला स्पीडलाइट (सुटा फ्लॅश) उडवता येतो, वेगळा ट्रिगर लागत नाही. डी७५० ला एमबी-डी१६ ग्रिप आहे, कॅमेरा उभा धरायला खाली जोडायची मूठ. डी७८० साठी निकॉनने ग्रिप काढलीच नाही. दिवसभर उभ्या फ्रेम घेणाऱ्याच्या मनगटाला विचारा.

हॉलमधले फोटो काळपट येतात, म्हणून बॉडी बदलताय? किटमधली २४-१२० लेन्स एफ/४ वर थांबते, तिचं तोंड त्याहून जास्त उघडत नाही (एफचा आकडा लहान, तेवढं तोंड मोठं). ८५ एमएम एफ/१.८ तिच्या जवळपास पाचपट प्रकाश आत घेते. डेप्थ (फोकसमध्ये राहणारी खोली) कमी होते, ती सांभाळावी लागते. पण तेवढा फरक डी७८० च्या आयएसओत (अंधारात फोटो काढण्याच्या क्षमतेत) नाही.