जंतूंचं भरघोस पीक कसं घ्यावं

सोयाबीनचा भाव ऐकून डोळ्यांत पाणी येतं, आणि कांद्याचं तर बोलायलाच नको. म्हणून यंदा एक असं पीक सुचवतो, ज्याला पाणी लागत नाही, गारपीट बाधत नाही आणि बांध ओलांडून शेजाऱ्याच्या रानात गेलं तरी तंटा होत नाही: औषधाला दाद न देणारे जंतू.

बियाणं विकत घेऊ नका. गावाच्या शिवेवर पोल्ट्रीचं शेड असेलच. पाच-सहा आठवड्यांनी बॅच निघाली की भुश्यासकट सगळं ट्रॉलीत भरून मिळतं. कोंबड्यांना पाण्यातून अँटिबायोटिक पाजलेलं असलं (आजारी चार, औषध चार हजारांना) तर दुधात साखर. टेट्रासायक्लिनसारख्या औषधाचा मोठा भाग कोंबडीच्या अंगी लागतच नाही. जसा आत गेला तसाच खाली भुश्यात पडतो. म्हणजे बियाणं आणि त्याचं टॉनिक एकाच खेपेत! खाद्यातलं तांबं-जस्त वरकड. धातू पचवायला शिकलेला जंतू बऱ्याचदा औषधही पचवतो.

एकच पथ्य पाळा. खत कुजवू नका. आमचे आजोबा उन्हाळाभर खड्डा भरायचे, फावड्याने पलटायचे. ढिगात हात घातला की चटका बसायचा. आतली उष्णता 55 अंशांच्या वर काही दिवस टिकली की रोगजंतू मोठ्या प्रमाणावर मरतात, औषधही बरंच विरतं. प्रतिकाराची जनुकं चिवट असतात, सगळी जात नाहीत हे मान्य, पण नुकसान ते नुकसानच. तेव्हा ट्रॉली आली की थेट मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात रिकामी करा. जुडी बांधताना मुळाशी थोडी माती राहू द्या. कोथिंबीर लोक कच्चीच खातात.

आता निवड. टपोरं कणीस बियाण्याला ठेवतो, तसंच हे. औषध इतकं हलकं हवं की लेचेपेचे मरावेत आणि आडदांड उरावेत. आपल्याला शहाणपण पोटच्या पोरालाही देता येत नाही. जिवाणू ते शेजाऱ्यालाही देतो. प्लाझमिड नावाचं जनुकांचं एक छोटं कडं असतं, त्याची नक्कल एकाकडून दुसऱ्याकडे जाते. जात-गोत कोण बघतो? मातीतला निरुपद्रवी जिवाणू ते आतड्यातल्या उपद्रव्याच्या हाती देऊन मोकळा. कोलिस्टिन हे आयसीयूतलं अगदी शेवटचं औषध. त्याला न जुमानणारं जनुक असंच प्लाझमिडवर बसलेलं 2015 मध्ये चीनमधून जाहीर झालं. आपल्या सरकारने जुलै 2019 मध्ये जनावरं आणि कोंबड्यांसाठी कोलिस्टिन बंद केलं. होतकरू उत्पादकांवर हा अन्यायच म्हणायचा.

डाळिंबवाले आपल्या पुढे आहेत. तेल्या हा जिवाणूंचा रोग आला आणि मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणाने भागेना, की पंपात स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनची पुडी. थोडं पानावर, बाकीचं खाली आळ्यात. यात मला एक जुनी परतफेड दिसते. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं पहिलं खरं औषध 1943 मध्ये न्यू जर्सीत, सेलमन वॅक्समन या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत, अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याने शोधलं. ज्या जिवाणूपासून ते मिळालं त्याचा एक वाण भरपूर खत घातलेल्या रानातल्या मातीतला होता, दुसरा कोंबडीच्या घशातला. मृगाच्या पहिल्या सरीनंतर मातीला जो वास सुटतो, तोही मुख्यतः याच कुळातल्या जिवाणूंचा. त्यांनी औषध दिलं, आपण ते रान आणि कोंबडी दोघांनाही परत केलं. सावकार इतका प्रामाणिक नसतो.

युरियाचं काय, असं विचाराल. एकट्या युरियाला हे पीक साधत नाही, ते काम कच्च्या खताचंच. पण मातीत आधीपासून राहणारे कोट्यवधी जिवाणू आगंतुकाला सहज पाय रोवू देत नाहीत. त्यांना उपाशी ठेवा. पाचट पेटवा, शेणखताचं नाव काढू नका, पावणेतीनशेच्या आत मिळणारी 45 किलोची गोणी फोका. त्यांचं खाद्य असलेला सेंद्रिय कर्ब संपला की तेही संपतील.

मालाला उठाव आहे. 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं थेट अशा जंतूंमुळे गेली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

पीक तयार झालं हे ओळखायला मृदा आरोग्य पत्रिका उघडू नका. तिच्यात नत्रापासून बोरॉनपर्यंत 12 रकाने आहेत, जंतूंचा एकही नाही. दुसरा कागद बघा. गेल्या पावसाळ्यात आईला लघवीचा संसर्ग झाला, दोन कोर्स वाया गेले, मग डॉक्टरांनी कल्चर, म्हणजे जंतू वाढवून त्याला कोणतं औषध लागू पडतं ते बघणारी तपासणी, करायला सांगितलं. रिपोर्टवर डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे एकेक अक्षर. अकरापैकी नऊ ओळींपुढे 'आर'.

"आर म्हणजे लागू नाही, काका," लॅबमधला पोरगा म्हणाला.

पहिल्याच वर्षाच्या मानाने उतारा वाईट नव्हता.