सॉफ्टवेअर बसवले की सुधारणा आपोआप होते काय?

गोव्यातील वेर्णा, कुंडई, डिचोली या औद्योगिक वसाहतींतील उद्योजकांमध्ये एक संदेश फिरत आहे. कायझेन (कामात सतत छोट्या-छोट्या सुधारणा करत राहण्याची जपानी पद्धत) लहान कारखान्याला परवडत नाही, सॉफ्टवेअर बसवले की सुधारणा आपोआप होते, कामगारांना विचारून काही हाती लागत नाही आणि औषधनिर्मितीत तर नियमांमुळे बदलच करता येत नाही, असे त्यात म्हटले आहे.

खर्चाचा मुद्दा थोडक्यात निकालात निघतो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये लघुउद्योगांसाठी नव्याने आणलेल्या लीन योजनेत (लीन म्हणजे कायझेनसारख्या पद्धतींनी कामातील अपव्यय कमी करणे) सल्ला व मार्गदर्शनाच्या खर्चाचा ९० टक्के भार सरकार उचलते.

सॉफ्टवेअरविषयीचा दावा मात्र नीट तपासायला हवा. यंत्राची उपलब्धता ९० टक्के, वेग ९५ टक्के आणि निर्दोष माल ९९ टक्के असेल, तर या तिन्हींच्या गुणाकाराने यंत्राची एकूण परिणामकारकता सुमारे ८४.६ टक्के येते. हा गुणाकार सॉफ्टवेअर अचूक करते. परंतु यंत्र का थांबले, हे बहुधा ऑपरेटरच नोंदवतो. पडद्यावर इंग्रजीतील तीस कारणांची यादी आली आणि डोक्यावर उत्पादनाचे लक्ष्य असले, तर तो ‘इतर’ निवडून मोकळा होतो, आणि महिनाअखेरीच्या आलेखात ‘इतर’ हाच सर्वांत उंच स्तंभ दिसतो. प्रत्येक थांब्याबद्दल बोलणी खावी लागत असतील, तर दोन-तीन मिनिटांचे थांबे नोंदवलेही जात नाहीत. कारणे मोजकी व कामगारांच्या भाषेत ठेवून सुपरवायझरने त्याच शिफ्टमध्ये त्यांची दखल घेतली, तरच त्या आकड्यांना अर्थ येतो. (विक्रेत्याच्या सादरीकरणात हा भाग सहसा नसतो.)

कामगार सुचवत नाहीत म्हणावे, तर टोयोटाची सूचना योजना १९५१ पासून चालत आली आहे. आपल्याकडे कामगार कोकणी, मराठी, कन्नड वा हिंदी बोलतो, सूचनेचा फॉर्म इंग्रजीत असतो आणि उत्तर येण्याआधीच अनेकदा त्याचे कंत्राट संपते. अशा स्थितीत सूचनापेटी रिकामी राहिली, तर दोष कामगाराच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

राहता राहिला औषधनिर्मितीचा मुद्दा. औषधांच्या गुणवत्ता व्यवस्थेवरील आयसीएच क्यू-१० या २००८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत सातत्यपूर्ण सुधारणा हे त्या व्यवस्थेचे एक उद्दिष्टच मानले आहे. बदल नियंत्रणाची पद्धत बदल रोखत नाही. ती बदलाचा परिणाम आधी तपासून मंजुरी घ्यायला लावते, आणि त्या मंजुऱ्यांचा माग ठेवण्याचे काम सॉफ्टवेअर कागदी फायलीपेक्षा निश्चितच चांगले करते.