बिअर 1.020 वर थांबली? पाकीट फोडण्याआधी मोजा

घरच्या बिअरबद्दल एक संदेश सध्या खूप फिरतोय: "ग्रॅव्हिटी 1.020 वर थांबली म्हणजे यीस्ट मेलं. कोकणच्या उकाड्यात ते मरणारच. दुसरं पाकीट टाका, अर्धा किलो साखर घाला, दोन दिवसांनी बाटल्या भरा." ग्रॅव्हिटी म्हणजे पाण्याच्या तुलनेत बिअरची घनता (पाणी 1.000); यीस्ट साखर खात जातं तसा हा आकडा उतरतो. महाराष्ट्रात घरी बिअर करायला परवाना लागतो, तो आहे असं धरू. पण हा सल्ला ऐकाल तर बाटल्या फुटतील.

आधी आकडाच तपासा. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं उपकरण) अल्कोहोलमुळे फसतो: सुरुवातीला 12.4 ब्रिक्स (साखरेचे वजनी टक्के) आणि आता 6.5 असेल, तर ब्रिक्सवरून ग्रॅव्हिटी काढायचा तक्ता 1.026 सांगतो, प्रत्यक्षात बिअर 1.013 च्या आसपास, म्हणजे बहुधा तयार असते. हायड्रोमीटरचं, म्हणजे बिअरमध्ये तरंगून ग्रॅव्हिटी दाखवणाऱ्या काचेच्या नळीचं, उलटं. तो बहुतेक 20 अंश सेल्सिअससाठी बनवलेला असतो, त्यामुळे मे महिन्यात 32 अंशांच्या नमुन्यात सुमारे 0.003 कमी दाखवतो.

उकाड्याने यीस्ट मेलं, हेही खोटं. 32 अंशांना एल यीस्ट (उबदार तापमानात बिअर आंबवणारं) मरत नाही, धावत सुटतं आणि उग्र चव मागे ठेवतं. घोळ होतो तो थंड करताना. बिअरच्या पिंपाला गुंडाळलेलं ओलं गोणपाट पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात उपयोगी पडतं. रत्नागिरी-मालवणच्या दमट हवेत पाणी उडतच नाही. मग लोक पिंपाभोवती बर्फाच्या बाटल्या रचतात, रात्रीत तापमान 14 वर येतं आणि यीस्ट तळाशी बसतं. पिंप 20-21 अंशांवर आणा, झाकण न उघडता हलकेच घोळवा, तीन दिवस थांबा.

धान्यापासून बिअर करताना खरी मेख बहुतेकदा मॅशमध्ये, म्हणजे कुटलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात भिजवण्यात, असते. 62 ते 65 अंशांना बीटा अमायलेज हे माल्टमधलं एन्झाइम आंबणारी साखर भरपूर बनवतं. 70 च्या पुढे ते झपाट्याने निकामी होतं आणि यीस्टला न पचणारी डेक्स्ट्रिनं जास्त उरतात. थर्मामीटर तीन-चार अंश कमी दाखवत असेल तर 67 समजून तुम्ही 70-71 वर मॅश केलेलं असतं. तो तपासायला किनाऱ्यासारखी जागा नाही: कुटलेल्या बर्फाच्या पाण्यात 0 आणि उकळत्या पाण्यात 100 दाखवायलाच हवा.

नक्की काय झालंय ते कळण्यासाठी 250 मिली बिअर वेगळी काढा, तेच यीस्ट 2-3 ग्रॅम टाका आणि अधूनमधून हलवत दोन दिवस 28-30 अंशांत ठेवा. इथे ते खोलीतच मिळतं. नमुनाही 1.020 वरच राहिला तर दोष मॅशचा, पाकिटं कितीही ओता. खाली आला तर यीस्ट जरूर द्या, पण कोरडं नको. लिटरभर पाण्यात 100 ग्रॅम माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टचा आटवलेला अर्क) उकळून गार करा, त्यात यीस्ट घाला आणि ऐन फेसावर असताना पिंपात ओता.

साखरेने फक्त अल्कोहोल वाढतं. डेक्स्ट्रिनं तिथेच राहतात.

आणि बाटल्या. ग्रॅव्हिटी 0.004 ने उतरली की बिअरच्या सुमारे दुप्पट आकारमानाचा वायू तयार होतो. 1.020 वर बंद केलेली बाटली 1.012 वर गेली तर चौपट, वरून प्रायमिंगची (फेसासाठी बाटली भरताना घालतात ती) साखर वेगळी. साधी काच हे सोसत नाही. आकडा सलग तीन दिवस हलला नाही आणि नमुन्याच्या आकड्याशी जुळला, तरच बूच लावा.