'गुपचूप दर वाढवला' या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आधी माफी मागतो. जूनमध्ये इंटरनेटची जोडणी करायला आलेला आमचा मुलगा "वर्षभर हाच दर" असं बोलून गेला, ते चुकलंच. वर्षाचे पैसे एकदम भरले तरच दर वर्षभर तोच राहतो. तुम्ही महिन्याचं घेतलंत, हा फरक त्याने सांगायला हवा होता.

पण "५८९ चे गुपचूप ६४८ केले, शुद्ध फसवणूक" असं तुम्ही लिहिलंय, त्यातलं 'गुपचूप' फार लागलं. २० जानेवारीला सगळ्या ग्राहकांना व्हॉट्सअ‍ॅप केलं होतं, की १ फेब्रुवारीपासून ५० रुपये वाढ, वर जीएसटी. तुमच्याकडे ब्लू टिक आली. आणि सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी तुम्ही त्यावर अंगठासुद्धा टाकलात. रिव्ह्यू वाचल्यावर मी ते तीनदा उघडून पाहिलं, म्हटलं आपलंच चुकत असेल. २८ तारखेची आठवणही वाचलेली दिसते. गडबडीत न वाचता अंगठा टाकतो माणूस, मीही टाकतो. पण मग गुपचूप म्हणू नये.

वाढलेल्या ५९ रुपयांत ९ सरकारचे. उरलेल्या ५० मधले ३५ वरच्या कंपनीने वाढवले, आम्ही तिचे फ्रँचायझी, आम्हाला कोण विचारतं? राहिले १५. त्यात खांबाचं भाडं, पोरांचा पगार, माकडांनी तोडलेली फायबर. प्लॅन घेतल्यापासून सहा महिने दर वाढवायचा नाही, ते आम्ही पाळलंय. तुमचा नववा महिना होता. जुलै २०२४ मध्ये मोबाइल कंपन्यांनी एकापाठोपाठ दर वाढवले, तेव्हा त्यांच्या दारात जाऊन कोणी भांडलं नाही. आमचं दुकान कोपऱ्यावर आहे, एवढंच.

तुमच्या मुलीच्या परीक्षेच्या रात्री नेट बंद झालं, त्याचं वाईट वाटतं. रिचार्ज संपलं की रात्री १२ ला कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून आपोआप बंद होतं, माझ्या हातात बटण नसतं. तरी तुमचा फोन आल्यावर अंथरुणातून उठून पोर्टलवर दोन दिवसांची मुदत मीच वाढवून दिली. रिव्ह्यूत ते आलेलं नाही. असो.

जिओफायबरचा ३९९ चा प्लॅन २०२० मध्ये आला, तेव्हा आमची निम्मी गिऱ्हाइकं गेली. जी राहिली ती ओळखीवर राहिली. २०१९ च्या पुरात सांगलीत पाणी ओसरल्यावर गच्च्यांवरून चिखलाच्या वायरी मी स्वतः ओढल्यात, त्या महिन्याचं बिल कोणाकडून घेतलं नाही. म्हणून 'फसवणूक' वाचून घरी दोन दिवस जेवण गेलं नाही.

आता तुमचं. पोराने शब्द दिला, तो माझा शब्द. मेपर्यंत ५८९ च घेऊ, फेब्रुवारीत भरलेले जास्तीचे ५९ मार्चच्या रिचार्जमध्ये वळते करतो. चार महिन्यांचे २३६ रुपये होतात. पुढे पावतीवर दर कधीपर्यंतचा तेही छापायचं बघतोय, छपाईवाल्याशी बोलणं झालंय. स्टार बदलायचा की नाही ते तुम्ही ठरवा. तेवढा 'गुपचूप' शब्द काढलात तर बरं होईल.

दुकान सकाळी १० ते रात्री ८. दुपारी २ ते ४ बंद असतं, तेव्हा मी गच्चीवर असतो.