मावशी, त्या मेसेजमधलं स्टॅनफर्ड नीट वाच

घरच्या ग्रुपवर तो मेसेज गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा आला. ‘मनाच्या आजारावर आता डॉक्टर नको! स्टॅनफर्डमध्ये सिद्ध : चॅटबॉटशी दोन आठवडे बोला, नैराश्य बरं. गोळ्यांची सवय लागते, बंद करा. २१ दिवस स्ट्रीक मोडू नका, मेंदू नव्याने घडतो. सगळं गुप्त. रात्री दोनलाही हजर.’ खाली जोडलेले हात आणि एका अ‍ॅपची लिंक. आधी दोनदा मी काणाडोळा केला. या वेळी मावशीने तो थेट मावसभावाला पाठवला आणि बावीस वर्षांच्या त्या शहाण्याने चार दिवस डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतली नाही.

म्हणून आधी गोळ्या. नैराश्यावरच्या औषधांची दारू-तंबाखूसारखी तलफ येत नाही. शरीर त्यांना सरावतं, एवढं मात्र खरं. नेमकं म्हणूनच ती एकदम सोडली की चक्कर, मळमळ, चिडचिड, झोपेचा विचका, डोक्यात करंट बसल्यासारखं वाटणं असं काहीही होऊ शकतं. शिवाय मूळ दुखणं उलटण्याची भीती असतेच. डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात तो यासाठी. तिसऱ्या दिवशी त्याला भोवळ आली, तर मावशी म्हणते, “शरीरातून विष बाहेर पडतंय.” यावर काय बोलायचं?

आता स्टॅनफर्ड, ते अमेरिकेतलं विद्यापीठ. अभ्यास खरा आहे, २०१७ मधला, ‘वोबॉट’ नावाच्या चॅटबॉटवरचा. १८ ते २८ वयाचे ७० जण. साधारण निम्म्यांना वोबॉट दिला, बाकीच्यांना नैराश्यावरचं एक ई-पुस्तक. दोन आठवड्यांनी नैराश्याच्या प्रश्नावलीत वोबॉटवाल्यांचे गुण जास्त उतरले (गुण कमी म्हणजे लक्षणं कमी). चिंतेच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. तुलना कोणाशी होती बघा : डॉक्टरशी नाही, गोळीशी नाही, पुस्तकाशी! लक्षणं कमी होणं म्हणजे आजार बरा होणं नव्हे, आणि दोन आठवड्यांनंतरचं तर त्यात काहीच नाही. अभ्यासाच्या तीन लेखकांपैकी एक बाई त्याच कंपनीच्या संस्थापक होत्या, हेही मेसेजमध्ये नाही. आणखी गंमत म्हणजे वोबॉटची वाक्यं माणसांनी आधी लिहून ठेवलेली होती, तो ती स्वतः रचत नव्हता. खालच्या लिंकवरचं अ‍ॅप भलतंच आहे, त्याचा या अभ्यासाशी काही संबंध नाही. ज्याच्या जिवावर ही जाहिरात चालली आहे, तो वोबॉट तर ३० जून २०२५ला बंदही झाला.

स्ट्रीकबद्दल मला जरा जास्त राग आहे, कारण मी पोटासाठी अ‍ॅपचे स्क्रीनच डिझाइन करते (किराण्याच्या अ‍ॅपचे, मनाच्या नव्हे). स्ट्रीक म्हणजे न चुकता सलग किती दिवस अ‍ॅप उघडलं त्याची मोजणी. ती लावतात माणसाने उद्याही अ‍ॅप उघडावं म्हणून. मेंदू घडवायला नाही. ज्या दिवशी पोराला अंथरुणातून उठवत नाही, नेमकं त्याच दिवशी ‘अरेरे, तुमची १४ दिवसांची साखळी तुटली’ असं दाखवणारा स्क्रीन मी केला असता, तर मला स्वतःचीच लाज वाटली असती. अशा अ‍ॅपमध्ये चुकलेला दिवस मोजूच नये. आणि मदतीचा नंबर पहिल्या स्क्रीनवर हवा, चार मेनू खाली पुरलेला नको. २१ दिवसांचं म्हणाल, तर लंडनच्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस लागतील, कोणाला २५४, असा हिशेब निघाला होता.

गुप्ततेवर एक उदाहरण पुरे. ‘बेटरहेल्प’ या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅटला दिली, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २०२३मध्ये ठेवला. कंपनीला ७८ लाख डॉलर मोजावे लागले.

राहिलं ‘रात्री दोन’. हे मान्य करावं लागतं. त्या वेळी डॉक्टर नसतात, आईला उठवायची लाज वाटते, आणि मनातलं कुठेतरी लिहून टाकलं की थोडं हलकं होतं. मावसभावानेच सांगितलं, त्याला त्या अ‍ॅपवर बोलून बरं वाटलं. वापरू दे की मग, गोळीसोबत. पण रात्री दोनला सरकारची टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची फोनसेवाही चालू असते. नंबर १४४१६, फुकट, आणि पलीकडे माणूस असतो. तो नंबर कोणी फॉरवर्ड केलेला मी अजून पाहिला नाही.

काल त्याने डॉक्टरांना फोन केला. गोळी पुन्हा कशी सुरू करायची ते त्यांनी सांगितलं, आधी रागावले. मावशीने मेसेज डिलीट केलाय. ‘डिलीट फॉर मी’ दाबून. ग्रुपवर तो अजून तसाच आहे.